दुसरी म्हैस

घरी सांगितलं, ऑडिट आहे,
आठवडाभर उशीर होईल.
अगदीच खोटं नव्हतं. तपासतच होते मी,
अंधारात बसून, रोज दोन, कधी तीन.

लॉ कॉलेज रस्त्यावर रिक्षा सोडायची,
गळ्यात पास, पर्समध्ये दाण्याचा लाडू,
डी रांग, खुर्ची अकरा.
पुढचा प्रेक्षक बुटका निघावा, एवढंच देवाकडे मागणं.
बारा नंबरवर मेहेंदळे म्हणून गृहस्थ,
ऐंशीच्या घरातले, पायात कॅनव्हासचे बूट.
सगळं पूर्वीच पाहिलेलं, आणि मला शेवट सांगायची घाई:
"येते हो ती परत. काळजी करू नका."

मंगळवारी एका जुन्या चित्रपटाची चौथी रीळ नव्हती.
पडद्यापुढे एक मुलगी आली, कागद उलगडून म्हणाली,
इथे सासरा वारतो, जमिनीची वाटणी होते,
धाकटा घर सोडतो. कृपया समजून घ्यावे.
लोक हसले.
आमच्या घरातलीही दहा मिनिटं मला अशीच
फोनवरून कुणीतरी वाचून दाखवली होती.
मी तेव्हा नागपूरला, ट्रेनिंगला.

बुधवारी झोपले. कुठल्याशा परदेशी तळ्याकाठी
कुणी बोलेना, तळंही हलेना.
जाग आली तर तळं तिथंच.
"काही चुकलं नाही तुमचं," मेहेंदळे म्हणाले.

शुक्रवारी नव्यांचे सिनेमे.
वेल्ह्याकडचा डोंगर, पहाट, एक म्हातारा
गोठ्याचं दार लोटतो
आणि म्हैस मान वळवून बघते.
थेट माझ्याकडे.

ओळखलं मी तिला.
डाव्या कानात पिवळा बिल्ला, शेवटचे आकडे चार सात दोन,
कपाळावर पांढरा ठिपका, एक शिंग खाली वळलेलं.
खाली माझीच सही असलेला अहवाल:
जनावर प्रत्यक्ष पाहिले. प्रकृती उत्तम.
कर्जदार हणमंत चोरघे. कारण दुग्धव्यवसाय.
म्हशी, नग दोन.
दुसरी चरायला गेलीय, म्हणाला होता,
आणि उन्हं फार होती म्हणून मी थांबले नव्हते.

दुसरी आत्ता दिसली.
ती हा भाड्याचा कॅमेरा, ती ही वाऱ्याची घरघर,
ती म्हाताऱ्याच्या पाठीवर
कुणी घाई न करता थांबलेला उजेड.
एक तास चौदा मिनिटं चरत होती माझ्यासमोर.

दिवे लागले. इस्त्रीचा शर्ट, हातात माईक,
जरा जास्तच घट्ट धरलेला.
एका मुलानं विचारलं, म्हैस म्हणजे व्यवस्था ना?
एका बाईंना ती आदिमाता वाटली.
तसंही म्हणता येईल, हणमंत म्हणाला,
मग त्याची नजर डी अकरावर आली
आणि माईक हळूहळू खाली गेला.

हप्ता येतो दर महिन्याच्या पाच तारखेला.
चुकला एकदाच, मे महिन्यात.
म्हैस आटलीय, म्हणाला होता.
कोणती, ते मी विचारलं नव्हतं.

हात वर केला.
माईकमध्ये आधी माझा श्वासच ऐकू आला सगळ्यांना.
वसुलीचे सतरा प्रश्न मला तोंडपाठ आहेत,
त्यांतला एकही आठवेना.
म्हटलं, नाव काय हो तिचं?

"शेवंती."
"दूध देते अजून?"
"सकाळी चार लिटर, सांजेला साडेतीन, मॅडम."
टाळ्या पडल्या. कशासाठी, ते वाजवणाऱ्यांनाच ठाऊक.
मेहेंदळे माझ्याकडे वाकून म्हणाले,
"हा मात्र पाहिलेला नव्हता मी."

सोमवारी फाईल काढली.
दुसऱ्या म्हशीपुढचा रकाना अजून कोराच.
लिहिलं: पाहिली.
पेन्सिलीनं लिहिलं.
पुढच्या महिन्यात ऑडिट खरंच आहे.