लाडूच्या वाटणीचं मीठ

नाव लाडू. धंदा मिठाचा.
पहिल्या दिवशी मीच हसले, मग तोही:
"आवयनं गोड ठेवलं, बापायनं खारं शिकवलं,
आता तुम्ही म्हणता दोन्ही सोड."

तो आगरवाड्याचा.
मी तुयेच्या दवाखान्यातली, पाय बघणारी नर्स.
नायलॉनचा तंतू टाचेला लावते, विचारते, कळतंय?
तो छताकडे बघत म्हणतो, आधी लावा तर खरं.
माझं तीनदा लावून झालेलं असतं.

पिशवीत जमलेले कागद.
म्हापशाचा डॉक्टर: पाणी भरपूर प्या.
पणजीचा: पाणी मोजून प्या.
कुणी शहाळं सांगितलेलं, कुणी तोडलेलं,
आणि कंबरेसाठी बाजारातल्या लाल गोळ्या,
त्यांना कागदच नव्हता.
त्या इनासला सापडल्या, आमच्या औषधवाल्याला,
पानाच्या डब्यात, चुन्याखाली.
"ह्या मूत्रपिंड कुरतडतात," एवढंच म्हणाला.

मग एका बुधवारी एकाच टेबलाशी बसलो:
डॉक्टर केंकरे, इनास, आहाराची ॲनाबेला,
लाडूची सून सुलक्षा, आणि मी.
फाइल एक. चहा बिनसाखरेचा, सगळ्यांनाच.
भांडलो.
ॲनाबेला म्हणाली, सुकी सुंगटं बंद.
सुलक्षा म्हणाली, मग पेजेसोबत काय, तुमचा कागद?
केंकऱ्यांनी इन्सुलिन चार युनिटांनी उतरवलं,
कारण दुपारी बांधावर त्याला घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते,
हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.
मी ते वर्षभर वेगळ्याच वहीत लिहीत होते.

लाडू दाराशी उभा. खुर्ची द्यायचीच राहिली होती.
दिली तेव्हा बसला, म्हणाला,
"मे महिन्यात मला बुधवार नसतो.
मीठ धरतं तेव्हा आगर सोडवत नाही.
तुम्ही या."

गेलो. संध्याकाळी, बांधावरून एकामागून एक,
केंकरे चपला हातात घेऊन.
तो मीठ ओढत होता, रबरी बुटांत,
मी मापानं आणलेल्या, आत मोजे.
रक्त तिथेच काढलं. बाटली बर्फाच्या डब्यात.

क्रिएटिनिन अडीच. मागच्या खेपेलाही अडीच.
उतरणार नाही, हे त्याला सांगितलेलंच होतं.
"चढलं तर नाही," तो म्हणाला,
मानशीच्या दाराशी अडलेली भरती
बघावी तसा कागदाकडे बघत.

आणि एक पुडी पुढे केली, अजून ओलसर.
"माझ्या वाटणीचं. तुम्ही चौघं वाटून घ्या."
ॲनाबेलानं ती हातावर तोलली, सवयीनं.
परतताना गाडीत कुणी बोललं नाही,
इनासनं खिशातून बीपीची गोळी काढेपर्यंत.
स्वतःची.