नियमित क्रियापद

सियागंजात, हिंगाच्या गोदामावर, दुसरा मजला,
संध्याकाळी साडेसहाला स्पॅनिश.
वर्गात कॉलेजची सहा पोरं आणि सत्तावन्न वर्षांची मी.
माझं कारण साधं: पीथमपूरच्या आमच्या कंपनीचं
खोकल्याचं औषध पेरूला जातं
आणि त्याची लेबलं माझ्या टेबलावरून.
लेबलावर सगळं आज्ञार्थी.
हलवून घ्या. थंड जागी ठेवा. मुलांच्या हाती लागू देऊ नका.
औषध कुणाला विनंती करत नाही.

"चलिए ढवळेजी," तस्नीम मॅडम खडू मोडून
अर्धा माझ्या हातावर ठेवतात,
"आज एकदम सीधी क्रिया है, नियमित."
आणि फळ्यावर लिहितात, केदार.
अर्थ: राहणे.

खाली कुणीतरी पोतं आपटलं.
हिंगाची धूळ वरपर्यंत आली, बरं झालं,
डोळ्यांना कारण मिळालं.
मॅडमना काय ठाऊक,
माझ्या धाकट्या भावाला आईने कुठलं नाव दिलं होतं
आणि त्याचा अर्थ कुठल्या मुलखात काय निघतो.

मग शेपूट कापायचं,
ज्याचं त्याचं शेपूट लावायचं.
केदो, मी राहते. रामबाग, पत्ता तोच, दुधाची वहीही तीच.
केदास, तू राहतोस.
कुठे, हे क्रियापद विचारत नाही.
केदा, तो राहतो किंवा ती राहते किंवा ते,
आपल्या मराठीइतकं ते चौकस नाही.

केदामोस. आम्ही राहतो.
आणि आम्ही राहिलो, तेही केदामोसच.
"मग ओळखायचं कसं?"
"आगे-पीछे के शब्दों से," मॅडम म्हणाल्या.
संस्थान गेलं, कचेऱ्या भोपाळला गेल्या,
गल्लीतली मुलं एकेक करून पुण्याला,
आम्ही केदामोस.
पुढचे-मागचे शब्दच उरले नाहीत फारसे.

'तुम्ही सगळे' याचा रकाना मॅडमनी खोडला,
पेरूत तो लागत नाही म्हणे.
मी वहीत आखून तसाच मोकळा ठेवला,
घरी सवय आहे.

केदाबा म्हणजे राहायचा.
गच्चीवर राहायचा, रेडिओचे सेल उन्हात वाळवत.
जेवायचा राहायचा, हट्टाने.
दादांशी बोलायचा राहायचा महिना महिना.
या काळाला काठ नाही.

दुसऱ्या भूतकाळाला मात्र आहे, तारीख-वार असलेला:
केदो, तो राहिला.
"पण हे तर मी राहते!"
नाही. जोर आधी दिला तर मी राहते,
जोर शेवटी दिला तर तो राहिला.
मी तीनदा म्हटलं, तिन्हीदा मीच राहिले.
पोरं हसली, मीही.

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात, फाटकाशी, सायकल नसताना
क्लिप पायजम्याला तशीच,
केदार म्हणाला होता, "स्टेशनावर जाऊन राहिलो."
पुण्याची मामी आमच्या या बोलीला हसायची,
जाऊन कसं कुणी राहील रे?
तेव्हा आम्हालाही उत्तर सुचलं नाही.

भविष्यकाळ: केदारा, तो राहील.
संकेतार्थ: केदारा, तो राहता तर.
इथेही फक्त जोराचा फरक.
मॅडम म्हणून दाखवत होत्या, केदारा, केदारा,
काठीने फळ्यावर ताल धरून,
आणि मी खिडकीकडे बघितलं,
हाक मारल्यावर आपण बघतो तसं.

गृहपाठ, पाच वाक्यं.
बाटलीत औषध थोडं राहिलं आहे.
चावी ऑफिसात राहिली.
पेरूची दोन खोकी बंदरात राहतील.
पाऊस आला तर आम्ही इथेच राहू.
रात्री साडेअकरापर्यंत वही उघडी होती.
पाचवं राहून गेलं.