जवळ्याचं माप

हर्णैच्या बंदरावर, सुक्या मासळीच्या ओळीत,
आईच्या जागेवर आता मी बसते.
पुढ्यात जवळ्याची रास, बाजूला बोंबलाच्या जुड्या,
आणि राशीत कमरेपर्यंत रुतलेलं
राखी रंगाचं एक जपानी वाडगं.

बाबा मालाच्या बोटीवर भंडारी. रांधायचे.
तिकडच्या कुठल्याशा बंदरात अकरा दिवस नांगर पडला
तेव्हा गल्लीतल्या दुकानातून आणलेली पाच वाडगी,
आधी वर्तमानपत्रात, मग लुंगीत, मग पेटीत.
पाचच का, आईनं विचारलं.
चार त्यांना अशुभ, बाबा म्हणाले.
"म्हंजे एक फुटलं की झालंच."

एक फुटलंच, त्याच पावसाळ्यात, मांजरानं.
आईनं मग घाईघाईनं एक हलिमाचाचीला देऊन टाकलं,
चार नकोत घरात.
एक बहिणीबरोबर दाभोळला गेलं.
एकाचं काय झालं, मला खरंच आठवत नाही.
पाचवं बाजारात आलं,
पत्र्याचा डबा गंजून जवळ्याला वास मारायचा म्हणून.

त्याची कड एका अंगाला जरा खाली बसलीय.
गिऱ्हाइकं तेवढंच बघतात: "बाय, उंच बाजूनं भर."
बुडाशी, चकाकी पोचली नाही तिथं,
कुणाचा तरी अंगठा उमटलाय ओल्या मातीत.
उचलताना माझा अंगठा बरोब्बर तिथं बसतो.
आईचाही बसायचा. तिचा हात माझ्याहून मोठा,
तरी बसायचा.

गेल्या माघात पुण्याचा एक पोरगा आला, कैवल्य नावाचा,
नखांत माती.
सोड्यांचा भाव विचारता विचारता थांबला,
न पुसता वाडगं उलटं केलं, जवळा वाळूवर,
आणि हा बूड वाचतोय, पत्रिका वाचावी तसा.
"हातानं घडवलेलं आहे, मावशी. रोजच्या भाताचं.
तीन हजार देतो."
म्हटलं, सांडलेल्याचे आधी तीस दे.

मग समजावलं त्याला: हे विकलं
तर उद्या अख्खा बाजार म्हणेल,
भागी चोगल्याच्या पोरीनं माप बदललं.
माणसं इथं किलो मागत नाहीत, पाव मागत नाहीत.
एक वाडगं दे, म्हणतात.
"तू कुंभार ना? अगदी एवढंच करून आण. मग बोलू."

चैत्रात आला. खरंच घेऊन आला.
रंग तोच, कडही तशीच हुकवलेली, मन लावून.
माझ्यातला जवळा त्यात ओतला,
एक मूठ बाहेर राहिला.
"ओलं होतं तेव्हा मोठं होतं," पोरगा कानापर्यंत लाल,
"माती भट्टीत आक्रसते. हिशेब धरला होता मी."

मला हसू आवरेना.
अरे, जवळा तरी दुसरं काय करतो?
सकाळी चार टोपल्या पसराव्यात उन्हात
आणि संध्याकाळी सुपात गोळा कराव्यात.
बाबांची बोटीवरची सव्वीस वर्षं,
सांगायला बसले की चहा निवायच्या आत संपायची.

पैसे घेईना. शेवटी दोन वाडगी जवळा नेला,
माझ्या मापानं.

दुपारी बाजार पांगला की त्याच्या वाडग्यात
मी आता पेज ओतून घेते, सोबत खारातली मिरची.
त्या खाली बसलेल्या बाजूनं ओठ लावला
तेव्हा कळलं, ती बाजू कशासाठी होती.

जुनं समोरच असतं, जवळ्यात रुतलेलं.
इतकी वर्षं झाली,
त्याला अजून कुणी भात दाखवलेला नाही.