घनमूळ

अंबडच्या शेडमध्ये रात्रीचे पावणेबारा.
पट्टा थांबलाय. ट्रेमध्ये पिंपळगावहून आलेले
नमुन्याचे सुटे मणी, थॉमसन.
त्यातले सहा मी खाल्लेत.

मण्याचं वजन घ्यायचं, वजनावरून घनफळ,
घनफळाचं घनमूळ, त्यावरून व्यास.
अठरा मिलिमीटरच्या वर गेला तर बोटीत,
खाली राहिला तर शालिमारच्या गाडीवर.
एवढंच यंत्राला शिकवायचं होतं.

आणि यंत्र म्हणतं, घनमूळ कोण?

गंमत म्हणजे ओळख आहे.
फाइलीच्या कपाळावरच त्याचं नाव:
एक आकडा घेतं, एक आकडा देतं.
कुठे राहतं, तेवढं लिहिलेलं नाही.
पत्रिकेत नवरदेवाचं नाव छापावं
आणि कार्यालयाचा पत्ता विसरावा, तसं.

हा कोड माझ्याआधी निकुंभ नावाच्या मुलाने लिहिला.
तो आता हिंजवडीत. फोन बंद.
मी एकेक लायब्ररी उघडून आत डोकावते:
ही चित्रांची, ही धाग्यांची, ही कुलूपकिल्ल्यांची.
हजारो नावं उभ्या रकान्यात,
कोणी घरातलं, कोणी शेजारून उसनं आणलेलं,
नावामागच्या एका अक्षरावरून कळतं.

नावं वाचता वाचता रामकुंड आठवलं.
काकांच्या अस्थी घेऊन आम्ही उभे,
आणि पंचा गुंडाळलेला एक माणूस विचारतो, गाव?
मुंजवाड, तालुका बागलाण.
"मग मी नव्हे. बागलाणची वही कपालेश्वरामागे, तिसरं दार."
तिसऱ्या दारात लाल कापडातली लांबुळकी वही.
पानं उलटता उलटता बोट थांबलं:
माझ्या वडिलांची सही. बहात्तर साल. वय अकरा.
'के' ची मात्रा ओळीबाहेर पळालेली.
आमच्या घरी त्यांच्या हातचं एक अक्षर नाही.

बारा वाजून वीस. सापडलं.
गणिताच्या लायब्ररीत, आणि उसनं नाही, घरातलं.
आज्ञेत तिचं एक अक्षर जोडलं.
तीच तक्रार.
पुन्हा जोडलं. तीच.
मग बच्छाव सरांना उठवलं.
जांभई देत म्हणाले, "अक्षर कुठे टाकलंस?"
आधी.
"शेवटी टाक. आधी मागणारा, मग देणारा.
कुणी मागितलंच नाही तर ती दार कशाला उघडेल?"
आणि फोन ठेवून दिला.

पट्टा हलला.
सतरा पूर्णांक नऊ. गाडी.
अठरा पूर्णांक दोन. बोट.
पुढचा मणी चेपलेला, त्याचं काय करायचं
ते उद्या.

बंद करण्याआधी फाइलीत एक ओळ घातली,
यंत्र वाचत नाही तशी, माणसांसाठी:
घनमूळ गणिताच्या लायब्ररीत राहतं. तिचं नाव शेवटी घ्या.
खाली तारीख.
त्याखाली हर्षाली केदा देवरे,
मु. पो. मुंजवाड.