अंडील

कार्डावर छापलेलं : घोडा, पु.
खाली पेन्सिलीनं, माझ्या आधीच्या कुणाचं तरी तिरकं अक्षर :
'न ठेचलेला असेल तर? विचारणे.'
विचारणारे निवृत्त झाले. कार्ड माझ्याकडे आलं.

गिरगावात, कोशाच्या कचेरीत, तीन दुपारी
अश्व, हय, तुरंग, वारू चाळले.
सगळे रथाला जुंपलेले, नाहीतर आरतीला उभे.
घोटक त्यातल्या त्यात माणसांतला,
त्याचाच घासून घासून झाला घोडा.
पण घोटक तरी कुठला?
दक्षिणेकडचा, असं एक पंडित लिहितो,
दुसरा तळटीपेत त्याला खोडतो.
मुंबईत कुणालाही विचारतात तसं
मीही विचारून बघितलं, गाव कुठलं?
तो नुसता शेपूट हलवत राहिला.

मग बस धरून महालक्ष्मी.
तबेल्यात हैबती शेलार, मोतद्दार, फलटणकडचे,
खराऱ्याची धूळ मिशीवर.
मी प्रश्न मांडला, पुस्तकी मराठीत.
ते घोड्याकडे बघून लाजले.
'बाईमाणसापुढं कसं बोलायचं?'
'कोशासाठी हवाय, काका.'
'छापणार?'
'छापणार.'
बादली खाली ठेवली, हात पायजम्याला पुसले,
आणि थोरल्या माणसाचं नाव घ्यावं तसं
'अंडील,' म्हणाले.

अंड, त्याला ईल. एवढंच.
फेनिल, जटिल यांचा
पायात वहाण नसलेला चुलतभाऊ.

'हितं योकच हाय तसा. बाकी समदे खच्ची.
डोकं ठिकाणावर ऱ्हातं म्हणं पळताना.'

खच्ची. अरबीतून आलेला.
त्याचं कार्ड माझ्याकडे दोन्ही बाजूंनी भरलंय :
खच्ची झालो, खच्ची केलं, खच्चीकरण,
अग्रलेखात, बढतीच्या दिवशी, जेवताना,
घोड्यांपेक्षा माणसांनाच लावून गुळगुळीत झालेला.
आणि त्याचा उलटा शब्द
एका मिशीखाली, तोही दबक्या आवाजात.

बाळ्यानं (कागदोपत्री नाव इंग्रजी, लांबलचक)
कठड्यावरून मान काढून कार्ड हुंगलं.
कोपऱ्याला ओल लागली. शाई थोडी फुटली.

संपादक म्हणाले, जरा अश्लील नाही ना वाटणार?
मी म्हटलं, जुना आहे.
बरं, म्हणाले, वाक्यात उपयोग द्या एखादा.

दिला :
हितं योकच हाय तसा.