खारट

आधी मीठ संपायला लागलं.
लसूण, निळी मेथी, झेंडूची पूड घालून कुटलेलं
आमच्या स्वानेतीचं मीठ,
वर्षाची बरणी नाताळाआधीच तळाला.
मला वाटलं, शेजारी देत असेल.
मग एका रात्री पाहिलं, अंधारात उभी,
बोट बुडवून चाटतेय,
गाभण गाय दगड चाटते तशी.

माकवाला काळवंडत चालली होती.
वहिनी म्हणाली, गवतकापणीचं ऊन.
फेब्रुवारीत? दारात छातीएवढं बर्फ असताना?
तळहाताच्या रेषा कुणी शाईनं गिरवल्यासारख्या,
गुडघ्यावरचा लहानपणचा व्रण कोळसा.
उठली की भिंत धरायची.
मी म्हणायचो, वय झालं.

कुताइसीत सकाळी आठला रक्त घेतलं.
कॉर्टिसॉल पहाटे चढतं, एतेर डॉक्टरीण म्हणाली,
माणसाला उठवायला.
पंधरा-सोळा हवं होतं. दीड निघालं.
इंजेक्शन दिलं, तासभर बाकावर बसवलं, पुन्हा घेतलं:
एक पूर्णांक सहा.

कागदावर तिनं दोन मूत्रपिंडं काढली,
दोघांच्या डोक्यावर एकेक टोपी.
मी माझी नमद्याची टोपी काढून मांडीवर ठेवली,
का कोण जाणे.
"या टोप्या वाळून गेल्यात. जुना क्षय असेल.
मेंदूतून हाका चालूच आहेत, रोज आणखी मोठ्यानं.
त्या हाकांपायीच कातडी काळी पडते."
दरीपल्याडून बायको ओरडतेय
आणि मी ओ देत नाही,
एवढं मला कळलं.

सोडियमही खाली.
चाळीस वर्षं माझ्या घरचं मीठ खाल्लं हिनं,
आणि तिचं अंग खाल्ल्या मिठाला जागेना.

मी विचारलं, गोळीनं रक्तातलं भरेल,
पण मांसात? हाडात?
एतेर जरा थांबली.
"रक्तातलं मी मोजते. आत किती पोचलं
ते तुम्ही घरी बघायचं.
जिना चढते का. चिडते का."

आता पहाटे सहाला गोळी, दुपारी अर्धी.
ताप आला तर दुप्पट.
रस्ता बर्फानं बंद झाला
तर सुई मी टोचायची. संत्र्यावर शिकलोय,
तीन संत्री वाया गेली.

काल सूप पुढे ठेवलं,
तिच्या सवयीचं मीठ घालून.
एक घोट घेतला, चमचा आपटला.
"जान्सुग, काय हे? खारट झालंय नुसतं!"

मी म्हणालो, पुन्हा म्हण.