जर, तर आणि बर्कनहेड

बर्कनहेडच्या वाचनालयात दर गुरुवारी साडेपाचला
डोरीनबाई फळ्यावर 'इफ'चे चार प्रकार लिहितात.
शून्य, पहिला, दुसरा, तिसरा.
शून्याचाही प्रकार असतो, हे मला आवडलं.

शून्य म्हणजे: पाणी तापवलं की उकळतं.
इथे आपल्याला जर नको, तर नको,
नुसता 'की' पुरतो.
पहिला म्हणजे: बस चुकली तर मी चालत जाईन.
ती चुकतेच. मी जातेच चालत,
इस्पितळाच्या लाँड्रीपासून इथवर,
हातांना अजून इस्त्रीच्या वाफेचा वास.

दुसऱ्यापाशी अख्खा वर्ग अडला.
'इफ आय वेअर यू.'
रेबवार चिडला. सुलेमानियात तो पूल बांधायचा,
इथे लोकांच्या दाढ्या करतो.
म्हणाला, महिनाभर घोकून घेतलंत ना, आय वॉज, यू वेअर?
डोरीनबाई म्हणाल्या, हे असंच असतं.

मला मात्र एकदम उमगलं:
जे नाहीच, त्याला ही भाषा अहो-जाहो करते.
असलेल्या मला एकवचन,
नसलेल्या मला बहुवचन.
ती नसलेली मी पाहुणीसारखी येते,
खुर्चीच्या कडेवर बसते,
तिला चहा विचारावा लागतो.

उदाहरण द्या, म्हणाल्या.
मी आत्याबाईंना मिशा लावल्या
आणि काका म्हणून हाक मारली, इंग्रजीत.
सेनाइत हसता हसता टेबलावर आडवी झाली.
डोरीनबाई गंभीर. व्याकरण बरोबर आहे.
मग हळूच:
माझ्या आत्याला होत्या.

तिसरा प्रकार.
हॅड, मग वुड, मग हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप.
एवढी अवजारं लागतात
एक न घडलेली गोष्ट उचलायला.
आपण वाक्याच्या शेपटाला एक 'असतं' बांधतो,
गेले असते, शिकले असते,
आणि चालू लागतो.

खिडकीत मर्सी नदी.
शेवटची फेरी लिव्हरपूलकडून दिवे लावून येत होती.
मी वहीत आधी मराठीत लिहिलं
(डोकं अजून तिकडूनच निघतं):
'ती तर चुकली नसती तर'
आणि पेन थांबलं.
एक तर होडी, दुसरं तर व्याकरण.
हे डोरीनबाईंना कुठल्या तोंडाने सांगू?
आमच्या खाडीवर तर म्हणजे पलीकडे नेणारी नाव,
आणि जर म्हणजे शालूच्या पदरातली सोन्याची तार.
जर आम्ही लग्नात नेसतो.
तर कुणीतरी वल्हवावी लागते.

त्र्याऐंशी सालचा एक सोमवार.
डी.एड.ची मुलाखत, रत्नागिरी, अकरा वाजता.
मार्कशीट दुधाच्या पिशवीत, पिशवी पोटाशी.
ओहोटी लागलेली, गुडघाभर चिखल,
आणि तरीवाला हसनचाचा पलीकडच्या काठावर विडी ओढत.
मी ओढणी हलवली.
त्यानेही हात हलवला.
आलोच, की आता नाही,
ते मला आजतागायत कळलेलं नाही.

इंग्रजीत ते एवढंसंच झालं:
इफ आय हॅड कॉट द फेरी, आय वुड बी अ टीचर नाऊ.

डोरीनबाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला,
पुन्हा वाचलं.
हातातल्या मार्करला टोपण लावलं
आणि तो माझ्या वहीशेजारी ठेवला.
म्हणाल्या, कुमू, हा तिसरा नव्हे.
चुकलं तेव्हा, आणि परिणाम आत्ता.
हा मिश्र प्रकार. मी अजून शिकवलेला नाही.
पुढच्या गुरुवारी घेऊ.

बस चुकली तर चालत येईन, मी म्हटलं.

पहिला, त्या म्हणाल्या,
आणि दिवे मालवायला उठल्या.